आजचं वाहन कोणतं?

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन नेमून दिलेलं असतं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती, असा एकूण नऊ जणांचा ताफा. सूर्य ज्या दिवशी नक्षत्रात शिरतो त्या दिवशी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, आणि बाकी उरेल त्या जनावरावर बसून पाऊस येणार. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले तर नाले फुगणार. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर ढगांकडे बघून नुसती मान मोडून घ्यायची. घोडा निघाला तर पाऊस डोंगरावर पडणार, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, हे सगळं मनापासून वाचतात. शिवाय हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर पाहतात, आणि अक्षय्य तृतीयेनंतर बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी काय म्हणते याचीही चौकशी करतात. तिथे शेतात घट मांडून भोवती धान्यं ठेवतात, घागरीवर पापड-कुरडई ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय सांडलं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. तिन्ही ठिकाणचे अंदाज जुळले नाहीत की मामाजी चौथा स्वतःचा काढतात. चारही चुकले तरी माणूस पुढच्या वर्षी पुन्हा ताजा.

या घरात आमची लेक दीड वर्षाची झाली आणि पंचांगाचा ताबा तिच्याकडे गेला. तिच्या दृष्टीनं ते जनावरांचं पुस्तक. मामाजी नक्षत्राच्या तक्त्यावर बोट ठेवणार, "गाढव" म्हणणार, आणि ही बाई खिदळणार. मग सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, एका सकाळी पोरीच्या अवताराकडे पाहून विचारलं, "आज वाहन कोनतं हाये हिचं?"

तेव्हापासून आमच्या घरी रोजचा अंदाज असा निघतो. बेडूक असला की दिवसभर पाणी. गाढव असलं की बाई जिथे बसली तिथून हलणार नाही, मग ती जागा स्वयंपाकघराचा उंबरठा का असेना. मेंढा म्हणजे डोकं, आणि ते बहुधा माझ्या हनुवटीवर. उंदीर असला की वस्तू गायब होऊन पलंगाखाली सापडतात. सगळ्यात वाईट कोल्हा. त्या दिवशी घरात अगदी शांतता असते.

मामाजींच्या लेखी तिचा एक खास मान आहे. मामाजी आणि माझा नवरा जन्मले अकोला जिल्ह्यात, लेक जन्मली वाशिम जिल्ह्यात. घर तेच, गल्ली तीच, नळाला पाणी येण्याची वेळसुद्धा तीच. 1 जुलै 1998 ला जिल्हा तेवढा बदलला. मी कारंज्याची, म्हणजे मीही जुनी अकोलेकरच. त्यामुळे जन्मानं अस्सल वाशिम जिल्ह्याची अशी घरात ती एकटी. मामाजी तिला "कलेक्टर मॅडम" म्हणतात आणि घरातला कुठलाही अर्ज आधी तिच्याकडे जातो.

2025 चा मे महिना आमच्याकडे कोणी विसरणार नाही. विदर्भातला मे म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सकाळी नऊलाच गल्ली ओस पडते, खिशात कांदा ठेवून फिरणारे लोक खरंच असतात, आणि कूलर हा घरातला कमावता माणूस असतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला त्याच्या ताट्यांतला वाळा बदलायचा, टाकीला बादल्यांनी पाणी द्यायचं, पंप चालतो का पाहायचं, हा आमचा खरा नववर्षारंभ. लेकीला कूलर फार प्रिय. त्याच्या टाकीत तिनं मामाजींचा चष्मा, एक बटाटा आणि टीव्हीचा रिमोट ठेवला होता. रिमोट तिच्या मते तापला होता.

याच दिवसांत वाळवणं. कुरड्यांचा गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढून रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवून उन्हाच्या आत गच्चीवर साच्यातून घालायचा. आत्याबाईंचं हे काम म्हणजे लष्करी मोहीम. मी नोकरी करते त्या शाळेला सुट्टी, त्यामुळे मी बिनपगारी शिपाई. पोरगी झोपेत असतानाच सगळं उरकायचं असं ठरलं होतं. पण चिकाचा वास सुटला आणि बाई डोळे चोळत गच्चीवर हजर. वाटीभर गरम चीक साखर घालून दिला, तो खाल्ला, वाटी उपडी करून डोक्यावर ठेवली आणि ओल्या कुरड्यांच्या पहिल्या ओळीवरून शांतपणे चालत गेली. प्रत्येक कुरडईवर एक पाऊल. एकही सोडली नाही. आत्याबाई ओरडायला निघाल्या आणि थबकल्या. "राहू दे. लक्ष्मीची पावलं हायेत," म्हणाल्या. याच आत्याबाईंनी त्या गच्चीवर माझी चप्पल चार हात लांबून पाहिली तरी तांडव केलं असतं. त्या कुरड्या पुढे वेगळ्या डब्यात भरल्या गेल्या. पाहुण्यांना तळून देतात, पण कोणाच्या पायाच्या ते सांगत नाहीत.

आणि मग त्या मे महिन्यात पाऊस सुरू झाला. वळवाच्या दोन सरी येणं वेगळं. हा रोज येऊ लागला. मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचल्याच्या बातम्या आल्या. मामाजींनी पंचांग मिटलं. रोहिणी आत्ता कुठं लागलं होतं, मृग अजून यायचा होता आणि पाऊस मुंबईत. पंचांगाच्या मानानं हे म्हणजे पाहुणा लग्नपत्रिकेआधी आल्यासारखं झालं.

घरात मात्र गोंधळ वेगळाच. अर्ध्या वाळलेल्या खारोड्या, धापोडे आणि कुरड्या पळवत खाली आणल्या, दोन्ही पलंगांवर धोतरं पसरून त्यांवर मांडल्या आणि वर पंखा लावला. माणसं जमिनीवर झोपली. बाईंना पलंग हवा होता. तिला समजावलं की आज पलंगावर धापोडे झोपलेत. तिनं ते मान्य केलं आणि त्यांच्या अंगावर पांघरूण घालून आली. पंख्याचं वारं असं अडलं, आणि सकाळी धापोड्यांना बुरशीची नक्षी. वर बाहेर पाऊस, अंगावर गारवा, तरी हिचं "कूलर लाव" चालूच. लावला नाही म्हणून ती कूलरच्या गळ्यात पडून रडली. सख्खी आत्या सासरी जाताना मी कोणाला इतकं रडताना पाहिलेलं नाही.

एवढी घाई करून आलेला पाऊस पुढे वाटेत रेंगाळला. जून निम्मा होत आला तरी आमच्याकडे आभाळ नुसतं येऊन जायचं. बाहेरच्या खोलीत सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा पडून. औषध लावलेलं बियाणं, म्हणून त्या माळ्यावर चढवल्या, त्यासाठी माळ्यावरच्या गाद्या खाली आल्या आणि बाईंना उड्या मारायला नवं मैदान मिळालं. कृषी खातं सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत ओल गेल्याशिवाय पेरू नका. ज्यांनी आधीच्या ओलीवर पेरलं ते दुबार पेरणीच्या काळजीत, आणि ज्यांनी पेरलं नाही ते "आपून मांगं राह्यलो" या काळजीत. मामाजी दोन्ही काळज्या करत अंगणात फेऱ्या मारायचे. लेक त्यांच्या मागे पाण्याचा मग घेऊन. तुळशीला तिनं आठवड्यात शंभर मिलिमीटर पूर्ण करून दिले.

जुन्या माहात्म्यात आमच्या वाशिमला, म्हणजे वत्सगुल्माला, 108 तीर्थं सांगितलेली आहेत. वाकाटकांच्या एका शाखेनं इथून राज्य केलं ते बहुधा या पाण्याच्या भरवशावरच. पद्मतीर्थ अजून आहे, बालाजीच्या देवळापाशी देवतळं आहे, बाकीची शोधावी लागतात. 109 वं मात्र आमच्या बैठकीत रोज नव्यानं निर्माण व्हायचं, कारण लंगोट सोडवण्याचा उपक्रम मी नेमका याच पावसाळ्यात हाती घेतला होता. कपडे वाळत नव्हते. कूलर शेवटी लागला, पण चड्ड्या वाळवण्यासाठी.

पुनर्वसूच्या पावसाला आमच्याकडे तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. त्या वर्षी दोघं कसे वागले ते मी सांगू शकत नाही, कारण त्या काळात घरातली म्हातारी आणि तरणी दोन्ही मंडळी सर्दीनं आडवी होती. सर्दी अंगणवाडीतून आली होती. बाई तिथे फक्त तासभर जाते, पण रिकाम्या हातानं परतायची सवय नाही.

पोळ्याला नागपूरच्या मामानं लाकडाचा बैल पाठवला. लाकडी बैलांचा हा तान्हा पोळा मूळ तिकडचा, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा. आमच्या बालाजीचं देऊळही भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनीच बांधलेलं, तेव्हा भोसल्यांकडून वाशिमला काही ना काही येतच असतं. बैलाला चाकं होती, शिंगांना सोनेरी रंग होता. बाईंनी त्याला आंघोळ घातली, पुरणपोळी भरवली, रात्री कुशीत घेतलं, आणि त्याचं एक शिंग पहाटे माझ्या बरगडीत शिरलं. दुसऱ्या दिवशी शेतावर खरी जोडी दाखवायला नेलं. झुली, गोंडे, बाशिंगं, सगळा थाट. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला, "हा नाही." चाकं नव्हती ना. गड्याला वाईट वाटलं. पोळ्याचा बोजारा म्हणून शेजाऱ्यांनी दिलेली दहाची नोट तिनं बैलाच्या तोंडाला लावली, मग स्वतः खाल्ली.

ऑक्टोबरात सोंगणी झाली आणि सोयाबीनच्या सुड्या लागल्या. सुडी लागली की आभाळाला कळतंच. पुन्हा पाऊस, पुन्हा ताडपत्र्या. कसंबसं हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, काढून माल घरी आला, अंगणात पसरला. त्या वर्षी हमीभाव होता 5,328 रुपये क्विंटल, बाजार त्याच्या बराच खाली. आणि हमीभावानं द्यायचं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. मामाजी दर तासाला एक दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगायचे. नात शेजारी बसून दाणा फोडायची आणि थुंकायची. बारीक निरीक्षण चालू होतं.

अशाच एका दिवशी वाहन कोल्हा होतं. अंगणातून आवाज येईना म्हणून मी बाहेर आले. बाई दाण्यांच्या मधोमध बसलेली, चेहरा गंभीर, एक नाकपुडी फुगलेली.

"काय घातलं नाकात?"

"बी."

"काहून घातलं?"

"पेरलं."

घरात एकदम शेतकरी संघटनेची सभा भरली. आत्याबाई म्हणाल्या तपकीर द्या, शिंक येईल. शेजारच्या काकूंना चिमटा आठवला. नवऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला, त्यात एक परदेशी माणूस आधी पाच मिनिटं स्वतःची ओळख सांगत होता. मामाजी हताश होऊन म्हणाले, "ओलं राह्यलं तं फुगंन माय थे." मी तिला उचललं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि चिमटा हातात घेतलाच नाही. मला सांगितलं, मोकळी नाकपुडी बोटानं दाबा, तिच्या तोंडावर तोंड ठेवा आणि जोरात एकच फुंकर मारा. मला वाटलं थट्टा करतायत. पण केलं. फट् असा आवाज आला, आणि दाणा माझ्या गालावर येऊन चिकटला. पोरगी आधी दचकली, मग हसली, आणि म्हणाली, "अजून." डॉक्टरांनी दाणा कापसावर घेऊन मामाजींना दाखवला. मामाजींनी चष्मा वर केला, दाणा बोटांत दाबून पाहिला.

"अठरा टक्के," म्हणाले. "हा घेनार नाहीत."

दिवाळी गेली, थंडी आली, तुरीच्या शेंगा उकडून झाल्या, सोले झाले. सगळ्या शेंगांतली अळी बाईंनी प्रेमानं वाचवून डब्यात पाळायला ठेवली, ते प्रकरण इथे नको. संक्रांतीनंतर बोरन्हाण ठरलं. ऋतू बदलताना लेकराला बाधू नये म्हणून ते पाच वर्षांपर्यंत करतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या, आणि भोवतालच्या पोरांनी लुटायच्या. हलव्याचा मुकुट कार्यक्रम सुरू होण्याआधीच अर्धा खाऊन संपला. ओतायला सुरुवात झाली तेव्हा ती हरखली. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्या डोक्यावर पडलेला माल दुसरीच पोट्टी खिशात भरून राह्यली. तिनं एकाच्या हातून बोर हिसकावलं, दुसऱ्याला मेंढा दाखवला आणि झबल्याचा ओचा पसरून सगळ्यावर बसली. गल्लीतल्या बायांनी फोटो काढले. लूट अशी कोणाला मिळालीच नाही. पोरं रडत घरी गेली, त्यांना मागून पुडे पोचवावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघायच्या गडबडीत, तर बाईंनी स्वतःच पाट ओढून अंगणात मांडलेला. झबलं उलटं घातलेलं. पाटावर मांडी घालून बसली आणि हुकूम सोडला, "आबा, टाक!"

घरात एक बोर उरलं नव्हतं. मुरमुरे संपलेले. मामाजी बाजार समितीत जायला निघाले होते. भाव वाढेल म्हणून ठेवलेल्या मालाचा नमुना पिशवीत होता. त्यांनी पिशवी पाहिली, नातीकडे पाहिलं.

"तसंही काय भेटून राह्यलं त्याले," म्हणाले, आणि सगळं सोयाबीन तिच्या डोक्यावर ओतलं. आत्याबाई आतून ओरडल्या, "अहो, नाक! आधी तिचं नाक धरा!"