जोडीची रॅम आणि तालुक्याचा ग्राहक

चहा घ्या, मग प्रकरण सांगतो. शहापूर-मुरबाडकडे ज्याच्या घरी डेस्कटॉप आहे, त्याला कधी ना कधी रॅम वाढवावी लागतेच, म्हणजे तुम्हीही यातून गेलेले असणार.

तयार संगणकात बऱ्याचदा ८ जीबीची एकच स्टिक असते, शेजारचा स्लॉट रिकामा. डीडीआर४ची ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते. तशीच दुसरी योग्य स्लॉटमध्ये लावली की ५१.२. म्हणजे अर्धा रस्ता बंद ठेवूनच मशीन आपल्याला विकतात आणि बिलावर त्याचा उल्लेखही नसतो.

दुकानात गेलो तर उत्तर मिळतं, "काका, एक लावून घ्या, सेम कंपनी आहे, चालेल." सेम कशावरून? एकाच मॉडेल नंबरखाली कंपन्या आतल्या चिप बदलतात. एका खोक्यात आलेली जोडी एकत्र तपासलेली असते; सुट्या दोन एकमेकींशी जुळतील याची जबाबदारी कोणीच घेत नाही. वेग वेगळे असतील तर दोन्ही मंद असेल तिच्या चालीने चालतात. अगदीच जुळलं नाही तर मशीन सुरूच होत नाही, किंवा फॉर्म भरताना निळा स्क्रीन येतो. बऱ्याचदा सुट्याही चालतात, हे मान्य. पण पैसे आपण पूर्ण मोजतो, 'बऱ्याचदा' मोजत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेत बैलजोडी घेणारा दात बघतो, शिंगं बघतो, दोघांना शेजारी चालवून बघतो, मगच व्यवहार ठरतो. रॅमच्या बाबतीत चिपवर अनेकदा पत्र्याचं आवरण, आणि खोकं फोडलं की माल परत नाही.

बरं, जोडीचं किट घ्यावं, तर ते तालुक्याला मिळेलच असं नाही. मुरबाडला अजून रेल्वे नाही. एसटीने कल्याण, लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोडचा संगणक-बाजार. शहापूरकराला निदान आसनगाव स्टेशन तरी आहे. एवढं करून किट आणलं आणि त्यातली एक बिघडली, तर वॉरंटीसाठी अनेक कंपन्या दोन्ही मागतात. चांगली स्टिकही जाते आणि तोवर संगणक बंद.

त्यात २०२५च्या अखेरीस भाव कडाडले, कारण कारखाने एआयच्या डेटा सेंटरकडे वळले. डिसेंबरात तर रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल या नावाने ग्राहकांना रॅम विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

आणि बसवणारा? चार स्लॉट असले तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो. तो पहिल्या दोनांत शेजारी-शेजारी बसवून मोकळा होतो. दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे एकाच रस्त्यावर; पैसे जोडीचे, वेग एकटीचा.

सबब मागणी साधी आहे. सुट्या स्टिकवर आतली चिप कोणती ते छापा, आणि किटमधली बिघडलेली एकटी परत घ्या. तोवर तुम्ही एवढं करा: दोन्ही एकाच खोक्यातल्या घ्या, बिलावर दोन्हींचे सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये दोन चॅनेल दिसल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.