कागदावरचे वय आणि डॉलरांतला हप्ता

परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांच्या प्रवासविम्यात मुख्यतः दोन जाती आढळतात आणि त्यांतली स्वस्त जात निवडण्याकडे मेहकरच्या निवृत्तांचा जो कल दिसतो, त्याचे मूळ काटकसरीत कमी आणि ‘आपल्याला काय होणार आहे’ या ठाम समजुतीत अधिक आहे. पहिली जात ठरावीक मर्यादेची: तीत खाटेचे दिवसाला इतके, डॉक्टरच्या एका भेटीचे इतके, अशी प्रत्येक उपचाराची कमाल रक्कम आधीच बांधलेली असते आणि प्रत्यक्ष बिल तिच्या कितीही पट आले तरी वरचा भार रुग्णाने सोसायचा असतो. दुसरी सर्वसमावेशक: तीत वजावट, म्हणजे रुग्णाने स्वतः भरायची पहिली रक्कम, एकदा भरली की पुढच्या खर्चाचा मोठा वाटा कंपनी उचलते. अमेरिकेत पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अशा अनेक पॉलिसींत वजावटीनंतरच्या पहिल्या 5,000 डॉलरांपैकी 80 टक्के आणि त्यापुढे ठरलेल्या मर्यादेपर्यंत सगळी रक्कम मिळते. त्यामुळे वजावट 250 डॉलरांची आणि बिल 4,250 डॉलरांचे असेल, तर 1,050 डॉलर खिशातून जातात. हे गणित प्रस्तुत लेखक बसस्टँडपासून बालाजीच्या मंदिरापर्यंत भेटेल त्या पेन्शनराला, त्याने विचारले नसले तरी, सोडवून दाखवतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची सुटकेची घाई त्याला ज्ञानाची तहान वाटते.

कॅनडातले निवृत्त लोक थंडी चुकवण्यासाठी फ्लोरिडा गाठतात आणि त्यासाठी विमा घेतात, हे समजण्यासारखे आहे. मेहकरचा निवृत्त मात्र शेतात हुरडा तयार होत असताना, तुरीच्या शेंगा भरत असताना आणि जवळच्या लोणारच्या सरोवरावर दूरदूरचे पक्षी हिवाळ्यासाठी उतरत असताना, नेमका उलट दिशेने बर्फाकडे निघतो, कारण लेकीच्या किंवा सुनेच्या प्रसूतीची तारीख हवामान पाहून पडत नाही. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मुलांकडे दीर्घकाळ राहू देणाऱ्या कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा आणि निदान एक वर्षाचा विमा दाखवावा लागतो. आणि जिथे आजारपण सर्वांत महाग, त्या अमेरिकेचा पर्यटक व्हिसा मात्र विम्याची अट घालत नाही. ही मोकळीक स्वस्ताच्या शोधात असलेल्या माणसाला फार घातक ठरते.

प्रवासातील जोखमीची किंमत लावण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने रानावनातून जाणाऱ्या ऋणकोला शेकडा दहा आणि समुद्रावरून जाणाऱ्याला शेकडा वीस असे महिन्याचे व्याज सांगितले आहे, आणि मूळ धनच बुडण्याचे भय हे त्यामागचे कारण असल्याचा खुलासा मिताक्षरेत विज्ञानेश्वराने केला आहे. परंतु या दोघांनीही प्रवाशाला जन्मतारीख विचारलेली नाही, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला त्यांच्या विद्वत्तेइतकीच आदरणीय वाटते.

विमा कंपन्या ती विचारतात, आणि इथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. साठ ते एकोणसत्तर हा हप्त्याचा एक टप्पा धरला जातो आणि सत्तरी लागताच हप्ता उसळी घेतो, कमाल मर्यादा आकसते आणि काही कंपन्या तर आधी वैद्यकीय तपासणी मागतात. आता मेहकर परिसरात जी पिढी आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे, तिच्यातल्या पुष्कळांचा जन्म पोळ्याच्या आगेमागे, किंवा पैनगंगेला मोठा पूर आला त्या साली, किंवा थोरल्या आत्याचे लग्न झाले त्यानंतर तीन महिन्यांनी झालेला असून, त्याची नोंद फक्त आईच्या स्मरणात होती. शाळेत नाव घालताना उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर सहा वर्षांचे झाले असे ठरे, आणि गुरुजी रजिस्टरात 1 जून किंवा 1 जुलै अशी तारीख टाकून मोकळे होत. ज्याचे हात उपजत लांब होते, तो वर्ष-दीड वर्ष आधीच सहाचा होई. अशा रीतीने एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस दोन तारखांत मावला. प्रस्तुत लेखकाचे हात लांब आहेत.

गुरुजींच्या त्या लेखणीचे परिणाम शाळेपुरते राहिले नाहीत. महाराष्ट्रात बहुतेक शासकीय कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतात, आणि जन्मतारीख महिन्याची पहिली असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीच घरी जावे लागते. म्हणून 31 मे आणि 30 जून या दोन दिवशी तालुक्याच्या गावात नारळ आणि शाली यांना विशेष मागणी असते. त्यातही 1 जुलैवाल्यांचे दुर्दैव मोठे, कारण सहाव्या वेतन आयोगानंतर वार्षिक वेतनवाढ सरसकट 1 जुलैला देण्यात येऊ लागली. परिणामी वर्षभर काम करून वेतनवाढ कमवायची आणि ती हाती पडण्याच्या आदल्या संध्याकाळी सत्कार स्वीकारायचा, असा प्रकार झाला. अखेर कर्नाटकातील वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात 11 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वर्षभराच्या सेवेने कमावलेली वाढ केवळ दुसऱ्या दिवशी निवृत्ती आहे म्हणून नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. या निकालावर प्रस्तुत लेखकाने पेन्शनरांच्या बैठकीत जे भाषण केले, ते चहा येऊन थंड होईपर्यंत चालले आणि त्यात कानाच्या परीक्षेचा इतिहास दोनदा आला. सांगायचे इतकेच की, ज्या लेखणीने नोकरीची वर्षे कापली आणि वेतनवाढ हुकवली, तीच लेखणी आता डॉलरांत हप्ता वाढवते आहे. आपण मुळात एकोणसत्तरचेच आहोत आणि दिसतो तर त्याहूनही लहान, हे लेखकाने विमा एजंटला साक्षीपुराव्यासह पटवून दिले, तेव्हा एजंट अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, पासपोर्टवर काय आहे?”

वयानंतर फॉर्मवर आधीच्या आजारांचा रकाना येतो. भारतातील आरोग्यविम्याच्या नियमांनुसार पॉलिसीपूर्वीच्या 36 महिन्यांत ज्याचे निदान किंवा ज्यावर उपचार झाले, तो आधीचा आजार होय. परदेशी पॉलिसी याहूनही मागे जाऊन पाहू शकतात. यावर मेहकरी निवृत्ताचा युक्तिवाद असा की, गोळी घेतल्यावर बीपी नॉर्मल येते, आणि जे नॉर्मल आहे त्याला आजार म्हणता येत नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे विधान देखणे असले, तरी विम्याचा करार परम सद्भावनेवर, म्हणजे ठाऊक असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट न विचारताही सांगण्याच्या बंधनावर, उभा असतो. हे तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी 1766 मध्ये ज्या खटल्यात मांडले, तो सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा होता: किल्ला फ्रेंचांनी घेतला आणि विमा उतरवणाऱ्याने तक्रार केली की, किल्ला कच्चा आहे हे गव्हर्नराने सांगितलेच नाही. निकाल मात्र गव्हर्नराच्या बाजूने लागला, कारण त्या किल्ल्याची अवस्था साऱ्यांना ठाऊक असण्याजोगी होती. प्रस्तुत लेखकाच्या गुडघ्यांनाही हा न्याय लागू व्हावा अशी अपेक्षा आहे.

काही अमेरिकी पॉलिसी आधीच्या आजाराचा ‘अचानक उद्भवलेला’ भडका मान्य करतात; अट अशी की, तो पूर्वसूचनेशिवाय यावा आणि 24 तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत. वऱ्हाडातल्या माणसाची अडचण नेमकी इथे आहे, कारण छातीत कळ आली की पहिला तास ओव्याचा, पुढची रात्र ‘गॅस असेल’ या निदानाची आणि सकाळ मुलाची मीटिंग संपण्याची असते. अर्ध्या रात्री सुनेला उठवायचे नाही हा त्याचा संस्कार आहे, आणि कंपनीच्या लेखी तोच दावा फेटाळण्याचे कारण. विनोद बाजूला ठेवून बोलायचे तर या रकान्याचा राग येतो. सत्तर वर्षे जगलेल्या माणसाला आधीचे काहीही नसावे ही अपेक्षा, आणि जे आहे ते वगळून उरलेल्या माणसाचा तेवढा विमा काढू हे आश्वासन, या दोन्हींत त्या माणसाला जागा कुठे आहे, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधूनही सापडत नाही.

त्याच बारीक अक्षरांत शेवटाकडे पार्थिव मायदेशी पाठवण्याचे कलम येते आणि त्याचीही कमाल रक्कम दिलेली असते. ज्या गावाने 1888 मध्ये जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची मूर्ती लंडनला जाऊ दिली नाही, असे अभिमानाने सांगितले जाते, त्या गावातल्या माणसाला परतीची एवढी एक बाब तरी पक्की हवी असते. प्रस्तुत लेखक तुलनेसाठी हे आकडे वाचू लागला तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, ते मोठ्यानं वाचू नका.” त्यानंतर तिने त्या कागदावरून लोणच्याची बरणी उचलली आणि बॅगेत कुठे बसते ते पाहू लागली. वजावट कमी ठेवावी की हप्ता, या प्रश्नामागचा खरा प्रश्न मुलावर भार पडू नये हा असतो, आणि तो फॉर्मवर कुठेच विचारलेला नसतो. त्यामुळेच स्वतःसाठी दहा रुपयांची घासाघीस करणारा माणूस इथे मात्र महाग पॉलिसीकडे पुन्हा पुन्हा वळून पाहतो.

वही भरून तक्ता तयार झाला, त्यात भारतीय कंपन्यांच्या पॉलिसी निघण्यापूर्वीच घ्याव्या लागतात अशी लाल शाईतली टीपही आली, आणि तक्त्याची प्रत पेन्शनरांच्या बैठकीत फिरू लागली, जिथे सर्वजण ती उलटी-सुलटी पाहून “सर, यात सगळ्यात स्वस्त कोणती?” एवढेच विचारतात. दरम्यान मुलाने तिकडूनच सर्वसमावेशक, शून्य वजावटीची पॉलिसी काढली आणि ती व्हॉट्सअॅपवर पाठवून दिली. हप्ता किती पडला हे विचारल्यावर तो “बाबा, ते राहू द्या” म्हणाला. वय, मर्यादा, वजावट आणि मुक्कामाचे दिवस माहीत असले की हप्ता तक्त्यावरून अचूक काढता येतो, आणि प्रस्तुत लेखकाने तो त्याच रात्री काढला. तो महिन्याच्या पेन्शनमध्ये बसत नाही, म्हणून पत्नीला निम्मा सांगण्यात आला आहे.