व्हेगस साहेबांचं गेट

नाक मोठं समजूतदार. भोसरी एमआयडीसीत नवा माणूस पहिल्या दिवशी रुमाल नाकाला लावतो आणि आठवड्याभरात तोच रुमाल डब्याखाली अंथरतो. थिनर, वेल्डिंगचा धूर, कुठंतरी जळणारं रबर... "आम्हाला नाही बुवा येत वास," असं आमच्याकडे छाती काढून सांगतात.

ती छाती आतून वेगळंच बोलत असते. श्वासनळीच्या अस्तरात व्हेगस मज्जातंतूचे बारीक धागे पसरलेले असतात. हे आपले गेटवरचे सिक्युरिटी. त्यांच्याकडे टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, तो मिरचीतलं कॅप्सेसिन ओळखतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (मिरचीवर नोबेल, आणि तेही कोल्हापूरला नाही!) त्याचा भाऊ टीआरपीए-१. मोहरीचा झणका, डिझेलच्या धुरातलं ॲक्रोलिन, क्लोरिन आणि गाडीच्या टू-के रंगातल्या हार्डनरचं आयसोसायनेट, सगळ्यांची नोंद त्याच्याच रजिस्टरात.

संशय आला की चौकशी नाही. मेंदूच्या बुडाशी फोन जातो, त्याच व्हेगसमधल्या दुसऱ्या तारेनं हुकूम परत येतो, ॲसिटिलकोलिन सुटतं, नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. गेट बंद! ना मीटिंग, ना तीन सह्या. काही धागे तर हेडऑफिसच्या उत्तराची वाटही न बघता जागेवरच सबस्टन्स-पी सोडून सुजेची सोय करतात. चोर आत येऊ नये म्हणून मालकही बाहेर, एवढी कडक ड्युटी.

आमच्या मोशीच्या सोसायटीत तळमजल्यावर ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की तिसऱ्या मजल्यावरचे दमेकरी काका खिडक्या लावून घेतात आणि पंप शोधतात. काकूंच्या मते तो त्यांचा स्वभाव. पण काकू, व्हेगसला ठेचा आणि हार्डनर यांतला फरक विचारू नका. त्याला झोंबलं की झोंबलं.

फरक आहे तो पुढं. मिरचीची वाफ सरली की नळ्या सैल होतात. आयसोसायनेटची ॲलर्जी एकदा जडली की नंतर अगदी थोड्यानंही दमा उठतो. शिवाय टीडीआयसारख्या आयसोसायनेटचा वास नाकाला कळेपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. म्हणजे समजूतदार नाक इथं काहीच कामाचं नाही. हवा पुरवणारा मास्क आणि चालू एक्झॉस्ट लागतो. त्याऐवजी बऱ्याच शेडमध्ये गूळ वाटतात. गूळ अन्ननलिकेतून जातो, धूर श्वासनळीतून, दोघांची वाटेत भेट व्हायची कशी, हे विचारायचं नसतं.

पंपातलं इप्राट्रोपियम ॲसिटिलकोलिनचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. त्याचं मूळ घराणं ॲट्रोपिनचं, म्हणजे महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यातलं. पूर्वी दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढत. आता कुणी ओढू नये, नाहीतर महादेवच भेटायचे.

मार्चमध्ये चाकणच्या एका कंपनीत सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन होतं. हार, समई, धूप, उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा. पाहुणे श्वसनसंरक्षणावर बोलायला उठले आणि खोकल्यानं दुसरं वाक्यच येईना. सेफ्टी ऑफिसर धावत आला. हातात गुळाचा खडा.