काच कुठली?

अक्कलकोटच्या आप्पांनी अजून दुर्बीण घेतलेली नाही, हे वेगळं सांगायला नको. आप्पा तुमच्याही गावात आहेत. तिथं त्यांना अण्णा, काका किंवा सर म्हणत असतील, एवढंच. त्यांच्या हातात कधी काही नसतं, पण हातात काय असायला हवं याची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. थंडीत कुरनूर धरणावर पाहुणे पक्षी उतरले की गावातली पोरं मोटरसायकली काढतात आणि आप्पा त्यातल्या एकीवर मागे बसतात. पाण्याकाठी एखाद्यानं नवी कोरी दुर्बीण काढली, तर आप्पा ती डोळ्याला लावत नाहीत. हातभर लांब धरून आभाळाकडे रोखतात. डोळ्याकडच्या भिंगात दिसणारा उजेडाचा ठिपका पुरता गोल आहे की कडेनं कापल्यासारखा करडा, ते निरखतात आणि विचारतात, “काच कुठली?” पोराला कंपनी माहीत असते, किंमत माहीत असते, हप्ता किती तेही माहीत असतं. काच माहीत नसते. “बॅक-फोर का बीके-सेव्हन? तेवढं तरी दुकानदाराला विचारायचं की बे.” तोवर पाण्यावरचे चक्रवाक उडून पलीकडच्या काठाला गेलेले असतात.

प्रश्न दुर्बिणीपुरता राहिला असता तर त्यावर लिहिण्याचं कारण नव्हतं. आप्पा पाहुण्यांना जुन्या राजवाड्यातलं शस्त्रागार दाखवायला नेतात तेव्हा पाहुणे तलवारी आणि बंदुका बघतात, आणि आप्पा मध्ये काच दिसली की तिच्यावर टिचकी मारून बघतात. एसटीच्या पुढच्या काचेला तडा गेला असेल तर ड्रायव्हरला, सुनेनं नवा मोबाईल घेतला तर सुनेला, गुरुवारच्या गर्दीत वटवृक्ष मंदिराबाहेर गॉगल विकणाऱ्याला, सगळ्यांना तोच प्रश्न. गॉगलवाला कलबुर्गीकडचा असला तर तो कन्नडमधून विचारला जातो. उत्तर काहीही आलं तरी आप्पा “हं” म्हणतात. या “हं”मध्ये समोरच्याची वस्तू, त्याचा बाप आणि त्याची निवडशक्ती यांचा एकत्रित निकाल असतो.

आप्पांची कीर्ती सातासमुद्रापार गेली ती भाच्यामुळे. असे भाचे हल्ली घरोघरी आहेत. कोलोरॅडोत नोकरी लागते, ऑफिसातली मंडळी हरिण आणि एल्क मारायला जातात, आणि यालाही जावंसं वाटतं. तिथला शिकार-प्रशिक्षणाचा वर्ग तो पास होतो, कायद्यानं सक्तीचं झगझगीत नारिंगी जाकीट घेतो, आणि रायफलवर कुठली दुर्बीण बसवावी, हे मामाला विचारतो. एल्क म्हणजे सांबरापेक्षाही थोराड हरिण, नर तीनशे किलोंच्या पुढे जातो; आणि जगात सगळ्यांत जास्त एल्क याच कोलोरॅडोत आहेत, अडीच लाखांच्या वर. गुरुवारचा उपास करणारे, अंड्यालाही न शिवणारे आप्पा हे काम अंगावर घेतात. वास्तविक तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची नळी नवशिक्याला पुरते, हे तिकडचा कुठलाही दुकानदार सांगतो आणि ते खरंही आहे. नवा शिकारी नेहमी जास्त पटीच्या मागे लागतो. पण पट वाढली की दिसणारा तुकडा आक्रसतो, हाताचा कंप तितकाच मोठा होतो, आणि जनावर नळीत सापडेपर्यंत ते पलीकडच्या झाडीत शिरलेलं असतं. डोळा भिंगाच्या फार जवळ नेला तर बंदुकीच्या धक्क्यानं भुवई फुटते ती वेगळीच. आयुष्यात छऱ्याची बंदूकही न उचललेल्या आप्पांना हे सगळं तोंडपाठ असतं. तरीही त्यांचा निर्णय पोचतो तेव्हा तिकडचा हंगाम संपलेला असतो. दुकानदाराचं ऐकून नळी घेऊन भाच्यानं एल्क पाडलेलाही असतो. आप्पा फोनवर एल्कबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ते काय विचारतात, ते तुम्ही ओळखलंच असेल.

अशा माणसाला लोक चेंगट म्हणतात, फार तर चंचल म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. आप्पा शिकारी आहेत, आणि आपल्याकडे उरलेल्या अस्सल शिकाऱ्यांपैकी आहेत. पुरावा त्यांच्या वागण्यातच आहे. शिकारीतला बहुतेक वेळ माग काढण्यात, वाट बघण्यात आणि वारा कुठला ते ताडण्यात जातो. बार उडतो तो एका क्षणात, आणि त्यानंतर उरतं ते ओझं वाहून नेण्याचं काम. आप्पा याद्यांचा माग काढतात, दुकानाबाहेर दबा धरतात, भाव खाली यायची वाट बघतात, आणि वस्तू अगदी टप्प्यात आली की मागे फिरतात. घेतलेली वस्तू त्यांच्या लेखी मेलेली असते. हा पिंड या मुलखाला नवा नाही. सोलापूरच्या माळावर काळविटांचे कळप होते आणि आहेत. संस्थानी काळात कोल्हापूरकरांकडे तर काळविटांवर सोडायला शिकवलेले चित्ते होते. अक्कलकोट संस्थान १९४८ साली विलीन झालं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं राहिलेल्या शिकारीवरही पडदा पाडला. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कायद्यानं बंदूक बंद केली, पण ती दबा धरून बसायची जी खुमखुमी होती, तिचं काय करायचं हे काही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ती दुकानांच्या काचांपुढे येऊन उभी राहिली.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल की, हे सगळं कंजूषपणाचं सोवळं नाव आहे. तसं असतं तर आप्पांचं बोलणं किमतीपाशी थांबलं असतं. कंजूष माणूस भाव ऐकून उठतो; आप्पा भाव ऐकून मांडी ठोकून बसतात. शिवाय आजवर दुकानांची चौकशी करायला सोलापूर, पुणे, मुंबईच्या ज्या वाऱ्या झाल्या, त्यांच्या तिकिटांत एक बऱ्यापैकी दुर्बीण येऊन वर चामड्याचं पाकीट आलं असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे ज्ञान पोकळ आहे, काचेनं असा काय फरक पडतो? इथं मला आप्पांची बाजू घेणं भाग आहे. लेप न दिलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत भिंगं आणि लोलक मिळून असे दहा तरी पृष्ठभाग असतात, म्हणजे साध्या काचेतून डोळ्यापर्यंत पोचायच्या आत एक तृतीयांश उजेड गळतो. उन्हाचं ठीक आहे, पण जनावर बाहेर पडतं ते झुंजूमुंजूला आणि दिवेलागणीला, आणि तेव्हा हा गळलेला उजेडच नेमका हवा असतो. तेव्हा प्रश्न बरोबर आहे. चुकतो तो एवढाच की तो शेवटचा नाही. आठ पट आणि बेचाळीस मिलिमीटर, अशी दुर्बीण घ्या आणि बेचाळीसला आठानं भागा. सव्वापाच मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात पाचापर्यंत जेमतेम. म्हणजे आप्पांच्या वयाला यापेक्षा मोठ्या झोताचा उपयोग नाही, उरलेला उजेड बुबुळावर सांडतो. एका भागाकारात मिटणारं प्रकरण आहे हे. आणि तेही मिटलं तरी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर सकाळी दहानंतर ऊन चढलं की जमिनीवरून वाफाळ हवा हलायला लागते, आणि वीसपट दुर्बिणीत काळवीट पाण्यात पडल्यासारखं थरथरतं. जनावर आणि भिंग यांच्यामध्ये असते ती हवाही एक काचच आहे. तिच्यावर कुठल्याही कंपनीचा लेप नसतो, आणि आप्पा तिच्याबद्दल कधी विचारत नाहीत.

खरं तर तिच्याबद्दल विचारायची ज्यांना गरजच पडली नाही, असे लोक याच जिल्ह्यात होते. फासेपारधी माळावर केसांचे फास मांडून तित्तीर आणि हरणं धरत. कळप कुठल्या वाटेनं येणार, हे त्यांना खुरांच्या ठशांवरून, गवतावरून, वाऱ्यावरून कळे. त्यांच्या नजरेला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. १८७१ च्या कायद्यापासून अशा जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवण्याची रीत पडली, सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली, आणि १९५२ साली कायदा गेला तरी त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ज्याला रान वाचता येत होतं तो तारेआड, आणि ज्याला फक्त किंमतपत्रक वाचता येतं तो टेहळणीच्या मनोऱ्यावर, अशी ही वाटणी आहे. सोलापुरात जन्मलेल्या आणि २०२५ साली सोलापुरातच निवर्तलेल्या अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची नावं रानातल्या माणसांकडून वेचली होती. त्यांनी कधी त्या माणसांना दुर्बीण दाखवा म्हटलं असेल, असं वाटत नाही. आता मनोऱ्यावरून दिसायचं तरी काय? १९७९ साली या माळांवर माळढोकसाठी अभयारण्य झालं तेव्हा त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर होती, पुढे ती १,२२२ वर आणली. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोंपर्यंत भरणारा तो पक्षी देशभरात आता दीडशेच्याही आत उरला आहे. सरकारी कागदांत गवताळ माळ ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो, आणि पडीक जमिनीवर काय उभं करायचं याच्या योजना कधीच कमी पडत नाहीत. माळढोकाला समोरचं कमी दिसतं, तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. त्या तारांची निवड करताना मात्र कुणी वर्षानुवर्षं घोळ घालत बसलं नाही.

म्हणून घोळ घालणाऱ्या माणसाबद्दल माझं मत हळूहळू मऊ होत गेलं आहे. आप्पांनी कुणाचं काही मारलं नाही, कुठलं कुरण बळकावलं नाही. काळवीट ज्वारीत शिरून नुकसान करतं म्हणून शेतकरी वैतागतात, तेव्हा पंचनाम्याचा अर्ज कुणाकडे करायचा, हे सांगणारेही आप्पाच असतात. कुरनूरला जाणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांच्या गळ्यातली दुर्बीण त्यांच्या सल्ल्यानं घेतलेली आहे आणि ती खरोखर चांगली आहे. त्या पोरांना जे दिसतं, ते आप्पांनी पारखलेल्या काचेतून दिसतं. आप्पांना स्वतःला ते दिसत नाही, याचं कारण मात्र पुष्कळ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. ते दुर्बीण डोळ्याला लावायचं टाळत होते, कारण लावूनही धूसरच दिसत होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

शस्त्रक्रियेच्या टेबलाशी आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न अगदी जिथल्या तिथं आला, आणि डॉक्टरांनी त्याचं सरळ उत्तर दिलं. घडीची अ‍ॅक्रिलिक काच, सूक्ष्म छेदातून आत सरकवायची. एकाच अंतराची बसवायची, तर लांबचं स्पष्ट हवं की जवळचं, ते आत्ताच सांगा; दुसऱ्या अंतराला चष्मा लागेल. नातेवाइकांनी घड्याळाकडे पाहिलं. आता सहा महिने जाणार, अशी त्यांची खात्री होती.

“लांबचं,” आप्पा म्हणाले. “पेपर काय, चष्म्यानं वाचू की.”

पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की दुसऱ्या डोळ्याला घाई नाही, वर्षभरानं बघू. तेव्हापासून आप्पांची तब्येत एकदम सुधारली आहे. चेन्नईला काय मिळतं, मदुराईला काय मिळतं, जर्मन काच बरी की अमेरिकन, याची चौकशी सुरू झाली असून, पोरांपैकी कुणाची मोटरसायकल सोलापूरला निघणार आहे का, तेही ते रोज विचारतात.