परदेशगमनाचा अव्ययीभाव

एखाद्या परक्या मुलुखात पाऊल टाकण्यापूर्वी तेथील चलन कोणते, थंडी किती, आणि शाकाहारी मनुष्याची उपासमार कितपत होते, एवढी चौकशी करून ठेवणे सुज्ञपणाचे असते हे आम्हांस ठाऊक होते. परंतु तो मुलूख पुरुष आहे की स्त्री, ही चौकशी सर्वांच्या आधी करावी लागते, आणि तिचे समाधानकारक उत्तर दफ्तरी दाखल झाल्यावाचून फ्रेंच भाषा कोणासही सरहद्द ओलांडू देत नाही, ही गोष्ट साठी उलटल्यावर फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसेपर्यंत आमच्या कानी आली नव्हती.

नियम वरकरणी सुटसुटीत आहे. शहरात जावयाचे असेल तर नावापूर्वी 'आ' लावावा: आ पारी, आ लाँद्र. देश स्त्रीलिंगी असेल तर 'आँ': आँ फ्राँस, आँ शिन. पुल्लिंगी असेल तर 'ओ': ओ झापाँ, ओ पोर्तुगाल. आणि देशाचे नाव अनेकवचनी असेल तर पुन्हा 'ओ'च, मात्र लिहिताना त्याच्या शेपटीस एक मुके अक्षर अधिक, जे एरवी निमूट पडून असते आणि पुढे स्वर आला की 'झ' म्हणून ओरडते. त्यामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाण्यास फ्रेंचमध्ये 'ओझेताझ्युनी' असे म्हणतात, आणि दोन बॅगांत लोणची, मेतकूट व भाजणी कोंबून मुलाकडे निघालेल्या कोणत्याही पुणेकर दांपत्यास या शब्दाचा आरंभ अर्थवाही वाटल्यावाचून राहणार नाही.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलेच असेल की शहराचा 'आ' आणि देशाचा 'आँ' यांतील समस्त अंतर नाकात आहे. या एका बाबतीत आमच्या कोकणस्थ सहाध्यायांस उपजत वतन लाभलेले असून, फ्रान्स देशात ते पहिल्याच दिवशी बिनहरकत दाखल झाले. आम्ही देशस्थ मात्र कित्येक आठवडे शहरांतूनच हिंडत राहिलो. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वारांची शब्दांच्या माथ्यावरून हकालपट्टी केली, तेव्हा ते बापडे कोणाच्या आश्रयास गेले असतील, याविषयी आम्हांस फार दिवस कुतूहल होते. येथे ते मुके होते. तेथे चाकरी मिळताच त्यांस कंठ फुटला, असे आता म्हणावयास हरकत नाही.

आमच्या वर्गाचे भूषण म्हणजे एक निवृत्त मामलेदार. त्यांचे चिरंजीव सहकुटुंब मोंरेआल नगरीत स्थायिक झालेले आहेत, आणि बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी फ्रेंच शाळेतच शिकावे असा त्या केबेक प्रांताचा 1977 पासूनचा कायदा असल्यामुळे, त्यांचा नातू दूरध्वनीवर आजोबांशी फ्रेंचमध्येच हट्ट करतो. नातवाच्या हट्टाचा मथितार्थ दुभाष्यावाचून समजावा, एवढ्याच हेतूने मामलेदारसाहेबांनी या भाषेची दरखास्त हाती घेतली, आणि उभ्या हयातीत जमिनीचे जे कज्जे त्यांनी निकालात काढले त्यांची शिस्त तिला लावली. 'आ मोंरेआल, ओ केबेक, ओ कानादा' ही उतरंड त्यांस विलक्षण पसंत पडली. "कसबा, सुभा आणि पातशाही!" ते उद्गारले, आणि त्याच केबेक प्रांताच्या राजधानीचेही नाव केबेकच असून, 'आ केबेक' म्हटल्यास शहर व 'ओ केबेक' म्हटल्यास प्रांत असा निवाडा त्या एका अक्षराने होतो हे कळल्यावर तर, अशी सोय आमच्या सातारा शहराची व सातारा जिल्ह्याची असती तर निम्मा टपाल-घोटाळा वाचला असता, असा शेरा त्यांनी वहीत नोंदविला.

परंतु मामलेदारी म्हणजे अपवादांची जमाबंदी. नावाच्या शेवटी 'ए' हे अक्षर असेल तर देश बहुधा स्त्रीलिंगी, असे बाईंनी सांगताच मामलेदारसाहेबांनी नकाशा उघडून मेक्सिक, कांबोज, मोझांबिक आणि झिंबाब्वे या चार इसमांस हजर केले. चौघांच्याही अंगावर तो स्त्रीवेष, आणि चौघेही पुरुष! "बाई, ही तोतयेगिरी कोणत्या सनदेने चालते?" बाई विशीतल्या, पण धीराच्या. त्या म्हणाल्या, "काका, सनद नाही, अपवाद आहे." पुढे इराण निघाला. तो खासा पुरुष असूनही त्याच्यापुढे स्त्रीलिंगी 'आँ' येतो, कारण 'ओ' आणि 'इ' असे दोन स्वर एकमेकांस भिडलेले फ्रेंच कानास खपत नाहीत. संधीचे नियम घोकलेल्या आमच्या पिढीस हे कारण तत्काळ पटले. स्वरांची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून पाणिनीने काय थोडा बंदोबस्त केला आहे?

शहरांस सरसकट 'आ' लावावा म्हणावे, तर काही शहरे स्वतःचे उपपद बाळगून असतात, आणि ते पुल्लिंगी असल्यास 'आ'शी मिसळून 'ओ' होते. त्यामुळे 'ओ केर' म्हणजे कोणताही देश नसून कैरो शहर होय, आणि 'ओ आव्र' हे फ्रान्सचेच एक बंदर होय. आव्हिन्यों शहराची तर गोष्टच निराळी. 1309 पासून तेथे पोपांचे वास्तव्य झाले आणि 1791 पर्यंत तो प्रदेश फ्रान्सच्या राजाच्या अमलाखाली नव्हता; आजही पुष्कळ लोक त्या शहरास देशाचा मान देऊन 'आँनाव्हिन्यों' म्हणतात, आणि शुद्धतेचे कैवारी त्यांस दटावतात. "मुलूख खालसा झाला तरी मानमरातब चालू राहिला," मामलेदारसाहेब समाधानाने म्हणाले, "आपल्या संस्थानिकांचे तनखे तरी बंद झाले."

बेटांच्या प्रकरणात मात्र त्यांचा संयम सुटला. कॉर्सिका हे चिमुकले बेट, पण त्यास देशाचा 'आँ'. मादागास्कार हे साऱ्या युरोपीय फ्रान्सहून विस्ताराने मोठे, पण त्यास एखाद्या कसब्याचा 'आ', कारण काय, तर त्याच्या नावास उपपद नाही! क्युबाची तीच गत, माल्टाची तीच. भूगोलात ज्याचे क्षेत्रफळ मोठे त्याचा दर्जा व्याकरणात मोठा असावा, ही मामलेदारसाहेबांची रास्त अपेक्षा होती. पण फ्रेंच व्याकरणाच्या दरबारात बैठक क्षेत्रफळावर मिळत नसून घरोब्यावर मिळते, असे आमचे नम्र मत झाले आहे.

याचा चटका आमच्या म्हापशाच्या एका सहाध्यायास बसला. महाराष्ट्र पुल्लिंगी ठरून 'ओ महाराष्ट्र' झाला, केरळ 'ओ केराला' झाले, आणि गोव्याच्या वाट्यास शहराचा 'आ' आला. "आमचे घटकराज्य 1987 साली झाले," तो लालबुंद होऊन म्हणाला, "पॅरिसला अजून कळवले नाही काय?" त्याची समजूत काढण्यासाठी बाईंनी हिंदुस्थानचे उदाहरण दिले. कोल्बेर या मंत्र्याने 1664 साली जी व्यापारी कंपनी स्थापिली तिच्या नावात हिंद अनेकवचनी होता, आणि त्या काळचा फ्रेंच मनुष्य 'ओझँद', म्हणजे पुष्कळशा हिंदांत, जात असे. आज हिंद एकवचनी, स्त्रीलिंगी असून त्यास 'आँ' लागतो. "म्हणजे संस्थाने विलीन झाली!" मामलेदारसाहेब गरजले, आणि सरदार पटेलांचे हे कार्य व्याकरणातही नमूद झाल्याचे पाहून वर्गात क्षणभर राष्ट्रीय वातावरण पसरले.

ते ओसरले मराठी शिकण्यासाठी पुण्यास आलेल्या एका फ्रेंच तरुणामुळे. संभाषणाच्या सरावास तो वर्गात येऊन बसे. त्याने नम्रपणे विचारले, "तुम्ही कोकणात जाता, मग देशावर का जाता? देशात का नाही?"

"देशात म्हटलेत तर नुसते हिंदुस्थानात पोचाल," मामलेदारसाहेब म्हणाले. "पुणे-साताऱ्याच्या मुलुखात पोचायचे तर देशावरच गेले पाहिजे. तसेच घाटावर."

"उंचीमुळे?"

"अर्थात."

"मग महाबळेश्वर तर त्याहून उंच. महाबळेश्वरावर का जात नाही? महाबळेश्वरला का जाता?"

मामलेदारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि ज्या एका शब्दावर पेशवाईपासून आजतागायत सगळे कज्जे मिटत आले आहेत तो शब्द उच्चारला: "वहिवाट!" त्या दिवसापासून मेक्सिकोविषयीची त्यांची तक्रार आपोआप काढून टाकण्यात आली.

जाण्याचे प्रकरण असे एकदाचे निकालात निघाल्यावर बाईंनी पुढील धडा उघडला. त्याचा विषय होता परत येणे. आणि परत येण्याची अव्यये सर्वस्वी निराळी निघाली. फ्रान्सहून यावयाचे तर 'द', जपानहून यावयाचे तर 'द्यु', अमेरिकेहून यावयाचे तर 'दे', त्यातही पुन्हा लिंग, वचन आणि आद्य स्वर यांची फेरतपासणी. मामलेदारसाहेबांनी तो तक्ता दोनदा वाचला आणि वही मिटली.

"म्हणजे जाण्याचा परवाना वेगळा आणि परतीचा वेगळा," ते म्हणाले. "बाई, आमची मुले तिकडून परत का येत नाहीत, याचे खरे कारण आज समजले, आम्ही इतकी वर्षे उगाच सुनेला बोल लावीत होतो."