एडिसनच्या अंगणातील गोकुळ

एडिसन, न्यू जर्सी
मार्गशीर्ष

तीर्थरूप दादा व सौ. आई यांचे चरणी बालकाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रेणुकामातेच्या कृपेने येथील मंडळी खुशाल आहेत. दिवाळीचा वृत्तान्त सवडीने लिहीन म्हटले होते, तो सादर करतो.

राणीसावरगावच्या अंगणात पहाटे सडा घालून आई शेणाच्या गवळणी, त्यांच्या डोईवर घागरी, मधोमध कृष्ण, कडेला पेंद्या, चूल, जाते, आणि पाडव्याला पांडव असा जो सारा संसार मांडते, तो येथेही मांडावयाचाच, असा संकल्प आपल्या सूनबाईंनी सोडला. आणि संकल्प त्यांनी सोडावा व सामग्री मी जमवावी, ही आमच्या घरातील वहिवाट आपणांस ठाऊकच आहे. येथील दुकानांत गाईचे शेण पोत्यांतून मिळते खरे, परंतु ते कुजवून, वाळवून व निर्गंध करून इतके सुसंस्कृत केलेले असते की त्याची गवळण उभी राहणे दूरच, धड बसतही नाही. सबब दूरच्या एका गोठ्यातून बादलीभर अस्सल माल आणावा लागला, आणि परतताना थंडीतही मोटारीच्या सर्व काचा उघड्या ठेवाव्या लागल्या.

आमच्या वसाहतीच्या कमिटीचा अंमल निजामाच्या अव्वल तालुकदारालाही हेवा वाटावा असा आहे. शेजारच्या हिरवळीवर दसऱ्यापासून बारा फुटी सांगाडा उभा होता (हे ध्यान होम डेपो नामक दुकानाने २०२० साली प्रथम विक्रीस काढले), त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. आमच्या वीतभर गवळणींबद्दल मात्र ‘अंगणातील पदार्थाचा खुलासा व्हावा’ असे पत्र आले. मी रीतसर अर्ज दाखल करून कळविले की, सदरहू पदार्थ देवादिकांच्या मूर्ती असून पाडव्यानंतर त्यांची रवानगी गुलाबाच्या वाफ्यात होईल. अर्ज मंजूर झाला. गुलाबांचे नाव निघताच समितीचे मन द्रवले असावे.

अंगण सजविण्याचा येथील षौक आमच्या गावाशी संबंधित आहे, ही गंमत दादांना आवडेल. हे गाव ज्याचे नाव मिरविते त्या एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ साली न्यूयॉर्कच्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर ऐंशी विजेचे दिवे लावले, आणि तेव्हापासून या मुलखाचा धीर जो सुटला तो सुटलाच. पलीकडच्या वृद्ध दांपत्याच्या घराण्यात हा देखावा पिढीजात चालत आला आहे. रात्री त्यांचा हवा भरलेला सांताक्लॉज छपराला हात लावतो. दिवसा पंखा बंद केला की तोच श्राद्धाचे जेवून लवंडलेल्या गृहस्थासारखा हिरवळीवर पसरलेला असतो. माझे मत विचाराल, तर रोज पहाटे नवी गवळण घडविणाऱ्या आईपुढे खोक्यातून निघालेल्या या वैभवाची मातब्बरी फारशी नाही. पण हे मत मी कुंपणाच्या अलीकडेच ठेवतो.

कारण त्या बाईंनी आमचे गोकुळ वाकून वाकून पाहिले आणि वाफ्यात जाण्यापूर्वी एक वाळलेली गाय व पेंद्या मागून नेला. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्यो गावी खरा बैल व गाढव उभे करून येशूजन्माचा जो देखावा मांडला, त्याची प्रतिकृती त्या दरसाल करतात. तेथेही गोठा, गुराखी व तान्हे बाळ असल्यामुळे पेंद्याला परके वाटण्याचे कारण नाही. कमिटीनेही या खेपेस खुलासा मागितलेला नाही.

पुढील वर्षासाठी त्यांनी पाची पांडवांची मागणी आगाऊ नोंदविली आहे. तरी भीमाचे पोट न चिरता कसे वाळवावे, ते आईने सविस्तर कळवावे. आशीर्वाद असावा.

आपला आज्ञाधारक,
बाळू