थंड गाडी, गरम काटा

आमची गाडी आजारी असते ती फक्त सकाळी सातच्या आत. नाशिकचा डिसेंबर, निफाडचा पारा रोज वर्तमानपत्रात, आणि त्या थंडीत किल्ली फिरवली की इंजिन चालू तर व्हायचं, पण आयडलिंगला थरथरत राहायचं. आरपीएम नऊशेवरून पाचशेवर यायचे, पुन्हा चढायचे, डॅशबोर्डवरचा गणपती नाही-नाही म्हणत मान हलवायचा, आणि मनात आलं तर गाडी बंदच पडायची. थोडा वेळ रेस देऊन धरली की शांत. गॅरेजच्या दारात तर, दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबावी तशी एकदम ठणठणीत.

“मिसिंग मारतेय,” मी उस्तादांना सांगायचो. ते बॉनेटला कान द्यायचे, मग माझ्याकडे बघायचे. “कुठंय मिसिंग?”

“थंड असताना होतं.”

“मग थंड आणा ना. नाहीतर रात्री इथंच ठेवून जा, सकाळी मी चालू करतो.”

सल्ला सरळ होता, म्हणूनच मला तो पटला नाही. निदान आपण करायचं, उस्तादांनी फक्त पाना फिरवायचा, असं माझं ठरलं होतं. तेवढे व्हिडिओ माझे बघून झाले होते.

सिद्धांत मला तोंडपाठ होता. इंजिन थंड असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं पेट्रोल आतल्या गार भिंतींना चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत हे काम चोक करायचा. तो ओढला की कार्ब्युरेटरात हवा कमी जायची, मिश्रण दाट व्हायचं. चोक किती ओढायचा आणि केव्हा सोडायचा, हे वडील आवाजावरून ओळखायचे. आत ढकलायचा राहिला तर मागून काळा धूर आणि शेजाऱ्यांचा उद्धार. आता हे सगळं कॉम्प्युटर बघतो. कूलंटमधला एक छोटा सेन्सर त्याला तापमान कळवतो, आणि त्यावर पेट्रोल किती सोडायचं नि आयडलिंग किती ठेवायचं, हे ठरतं. हे मी बायकोला चहाबरोबर समजावून सांगितलं. “अहो, मग तो सेन्सरच बघा की,” ती म्हणाली. मी हसलो. सेन्सर बिघडला असता तर चेक इंजिनचा दिवा लागला नसता का?

मग कामाला लागलो. आधी प्लग. काढले तर टोकं फिकट तपकिरी, म्हणजे तब्येत उत्तम. तरीही नवे बसवले, कारण जुने काढून तेच परत लावणारा माणूस पार्किंगमध्ये बावळट दिसतो. फरक शून्य. मग एअर फिल्टर. मग व्हॅक्यूमचे रबरी पाइप वाकवून, हुंगून, टॉर्च मारून तपासले. त्यात एक क्लिप निसटून इंजिनाच्या खोलात गेली, ती आजही तिथेच कुठेतरी सुखात असेल.

मग थ्रॉटल बॉडी. बटरफ्लायच्या कडेला काजळी साचते, आयडलिंगची हवा अडते, हे खरंच असतं. मी स्प्रे मारून ती लख्ख केली. वॉचमन, दूधवाला आणि वरच्या मजल्यावरचे काका असा प्रेक्षकवर्ग जमला होता. “आता बघा,” असं म्हणून किल्ली फिरवली, तर आरपीएम दोन हजारांवर जाऊन बसले आणि खाली यायलाच तयार नाहीत. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर काजळीसकटचा हिशोब लक्षात ठेवतो, साफसफाईनंतर त्याला नव्याने शिकवावं लागतं. हा भाग व्हिडिओच्या शेवटी होता. शेवटापर्यंत मी बघितला नव्हता. काका म्हणाले, “आधी निदान थरथरत तरी होती.”

त्याच संध्याकाळी गाडी गॅरेजला नेली आणि रात्रभर तिथेच सोडली. सकाळी पोचलो तेव्हा उस्तादांनी चालू करण्याआधीच स्कॅनर लावला होता. “वाचा,” म्हणाले. कूलंट ७८ अंश. बॉनेटवर दव होतं.

सेन्सर मेला नव्हता, नुसता थापा मारत होता. आतला थर्मिस्टर थंडीत जास्त रोध दाखवतो आणि तापला की कमी. आमचा कायम कमीच दाखवत होता. ७८ हा आकडा इंजिनाला शोभणारा, म्हणून कॉम्प्युटरलाही संशय नाही आणि दिवाही नाही. तो बिचारा गारठलेल्या इंजिनाला तापलेल्या इंजिनाचं पेट्रोल मोजून देत होता. इंजिन खरंच तापलं की थाप आपोआप खरी व्हायची.

“पण साहेब,” उस्ताद म्हणाले, “तुमच्या गाडीत मीटरचा काटापण ह्याच सेन्सरवर चालतो. तो सकाळी कुठं असायचा?”

मध्यावर असायचा. किल्ली फिरवल्याबरोबर मध्यावर! आणि गेला महिनाभर मी तो येईल त्याला दाखवत होतो. “आमची गाडी बघा, एवढ्या थंडीत कशी झटकन गरम होते.” काकांना तर खास खाली बोलावून दाखवला होता. उस्तादांना मी सांगितलं, “लक्ष नाही दिलं कधी.”

सेन्सर काही शे रुपयांचा निघाला. आयडलिंग नव्याने शिकवण्याचे पैसे वेगळे, आणि ते त्यांनी बिलात ‘धुलाई दुरुस्ती’ असे लिहिले. बिल मी बायकोच्या हाती लागू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली. आरपीएम दीड हजारांवर, थरथर नाही, गणपती स्थिर. पण तापमानाचा काटा तळाशी पडलेला, हलायचं नावच नाही. मी लगेच उस्तादांना फोन लावला.

“काटा चढत नाहीये. नवा सेन्सरपण खराब दिसतोय.”

पलीकडे थोडा वेळ नुसता पाना आपटल्याचा आवाज. मग, “साहेब, बाहेर थंडी किती आहे?”

“नऊ अंश.”

“मग काटा कुठं पाहिजे?”